साठ माणसांचां जेवाण

आचरें, तालुका मालवण
९ ऑक्टोबर १९५७, कोजागिरीच्या दुसऱ्या दिसाक

प्रिय सखी जुलेखा हीस,

तुळसाचा सप्रेम नमस्कार. इकडील सर्व क्षेम असून...

जावंदे. गुरुजींनी शिकवलेलां मराठी हंयच संपलां. आता आपल्या वळणार येतंय.

तुझां पाकीट मेळलां. आतमधे तू माझ्या नावान तयार केलेलो नोकरीचो अर्ज पण मेळलो. चुलीम्होरे बसान दोनदा वाचलंय. “अर्जदार श्रीमती तुळसाबाई यांस साठ माणसांचा स्वयंपाक करण्याचा आठ वर्षांचा अनुभव असून त्या हिशेबाला चोख व स्वभावाने शांत आहेत.” गो जुल्या, ही बाई कोण? तुका मुंबैत खंय गावली? बरी दिसता. माका पण भेटव तिका.

साठ माणसां मी एकत्र बघतंय ती जत्रेत, आणि थंय मी रांधणंय नाय, खाजां खातंय. आमच्या घरात जेवणारे कोण ते तुका म्हायती आसा. परशुराम भावोजी, यशोदा जाव, तेंचे दोन झिल आणि मी. सहावो कुत्रो. तो तेवडो माका मोठी आचारीण मानता. आणि “स्वभावाने शांत” ह्या मी मोठ्यान वाचलंय, तर चुलीकडचां मांजर उठान भायर गेलां.

चेष्टा ऱ्हवंदे. आमचे हे वारले तेका सात वर्सां झाली. घरात माका कोण मारणा नाय, उपाशी ठेवणा नाय. पण सणाक चूल माझी आणि हळदीकुंकू जावेचां. मी खंय बसलंय, कोण इचारणा नाय. भात शिजलो काय, तां इचारतत. छत्तिसाव्या वर्सा पयली नोकरी करूची असां मनात इलां काय हातातलां काम इसारतंय. मुली रवतत त्या वसतिगृहात आचारीण होवची, आपल्या मेहनतीचां खावचां. वयल्या माळयेर एकटीची खोली, आणि तू लिवलंस, खिडकीतसून दर्या दिसता! ती खिडकी मी चार दिवस डोळ्यांम्होरसून हलवूक नाय.

पण खोटां लिवन जावचां? वडो फुगता तो तेल तापलेलां असता म्हणान. गार तेलात टाकलेलो वडो खालीच बसता गो. थंय गेल्यार साठ पोरींनी पानां मांडली आणि मी खाली बसलंय तर? माका हाकलतीत तां ऱ्हवंदे, ओळख तुझी. तुझां तोंड काळां होतलां.

तुझी आवस, आमची नसीमाचाची, बरी आसा. जेवल्यार मी तुमच्या खळ्यात जावन बसतंय. नसीमाचाची कदीतरी माकाच “जुलेखा” म्हणान हाक मारता. मी ओ देतंय. ह्या पण खोटांच ना?

सांग काय करू तां.

तुझी
तुळसा (अनुभव: पाच माणसां, एक कुत्रो)

---

डोंगरी, मुंबई
२० ऑक्टोबर १९५७

प्रिय तुळसा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की शेजारणीने भिंत ठोकली. पण हसून झाल्यावर तुझा रागही आला. बाई, तू खरेपणाची पूजा घालत बसशील आणि जागा दुसरी कुणी घेऊन जाईल.

वसतिगृहाच्या मुख्य बाई, सुशीलाबाई, मला ओळखतात. त्यांच्या मुलींचे अभ्रे आणि परकर मीच शिवून देते. परवा माझ्यासमोर त्या आलेले अर्ज चाळत होत्या. एकीने शंभर माणसं लिहिलीत. दुसरीने लिहिलंय की ती संस्थानिकाच्या घरी होती. त्यांच्यामध्ये तुझी पाच माणसं आणि कुत्रा ठेवला तर सुशीलाबाई शेवटपर्यंत वाचायच्यासुद्धा नाहीत.

आमच्या लग्नानंतर दाऊदने गोदीत लागताना सांगितलं होतं की मला लाँचचं इंजिन येतं. तोवर त्याने इंजिनाचा फक्त धूर पाहिला होता. आज नवीन पोरांना तोच शिकवतो. याला खोटं नाही म्हणत. पुढे होणारं खरं आहे हे, आपण जरा लवकर लिहितो एवढंच. तुला हात आहे तुळसा. तुझ्या हातची तिखट आमटी मला आठ वर्षांत कुठे मिळालेली नाही. पाचांची करतेस ती साठांची करशील. पाणी जास्त घालायचं.

इकडे माझं सगळं छान आहे. दाऊद सकाळी जातो, रात्री येतो, मी दिवसभर मशीन चालवते. माणसांची एवढी वर्दळ असते की एकटं वाटायला वेळच नाही.

या वर्षी गावपळण आहे का गं? कौल लावला का? इथे शेजारणींना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना, की देवाचा कौल झाला की आख्खा गाव घरं बंद करून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. तीन दिवस गावात ना चूल पेटत, ना दिवा. आणि देवाने परत कौल दिल्याशिवाय कुणी घरी यायचं नाही. त्या वर्षी आपण दोघी त्या मोठ्या आंब्याखाली होतो, आठवतं? तुझ्या आजीने आपल्या दोघींना एकच घोंगडं दिलं होतं. मी गेल्यापासून दोन गावपळणी झाल्या. मला कुणी बोलावलं नाही. बोलावणार तरी कोण, सगळे वेशीबाहेर!

कंदील मोठा केला, अक्षर नीट दिसेना. दुपारची नमाज व्हायची आहे. आटपते.

अर्ज तुझ्या हाताने उतरवून काढ आणि पाठव. साठच लिही.

तुझी
जुलेखा

---

आचरें
३ नोव्हेंबर १९५७

जुल्या गो,

तुझां मराठी वाचून वाटलां रेडिओवरली बाय बातमे सांगता. “वर्दळ”! आठ वर्सांआदी तू “गर्दी” पण म्हणी नाय हुतंस, “मरे किती माणसां ती” म्हणा हुतंस.

अर्ज धाडलंय. उतरवून काढलंय, खाली सही केलंय. साठच्या जाग्यार पेन वायच अडाकलां. मगे म्हटलंय, जुलेखा म्हणता पुढचां खरां, तर पुढचां खरां. भावोजींका सांगूक नाय. बाबली पोस्टमनान पत्त्यार बघल्यान आणि इचारल्यान, “तुळसावयनी, मुंबैक कोणाक गो?” मी सांगितलंय, “परकर शिवूक दिलंय.” एक खोटां बोललां काय दुसरां तेच्या पाठसून येताच, कोंबडीच्या पिलासारखां.

आता ती साठ माणसां माका सपनात येतत. पानां मांडून बसतत. कोण बोलणा नाय, नुसती बघतत. मी पातेल्यात बघतंय तर आत पाचांचो भात.

तेका एक उपाय काढलंय. गावपळणीचो कौल झालो! मार्गशीर्षात, डिसेंबरच्या पयल्या आठवड्यात गाव भायर पडतलो. आमच्या वाडीच्या बारा घरांची एकच चूल ठरली हा, धोंडू आचारी रांधतलो. मी कांदे कापूक बसतलंय आणि तेचो हात बघतलंय. किती तांदळाक किती पाणी, मीठ मुठीन काय शेरान. सुशीलाबाईंनी बोलावल्यानी तर निदान खोटां पाठ करून तरी जाईन.

तुझ्या लिवण्यात एक गोष्ट माका कळाक नाय. पण ती मगे इचारीन.

नसीमाचाची म्हणता, जुलेखाक सांग काय तिचो माड यंदा खूप धरलो. तोच, तू न्हानपणी लावलेलो. मी तेच्याकडे बघूक जावणंय नाय, बघलंय काय आठवतंस.

तुळसा

---

मुंबई
२ डिसेंबर १९५७

तुळसा,

घाईत लिहिते. तुझा अर्ज सुशीलाबाईंनी सगळ्यांच्या वर ठेवलाय! “साठ माणसं, आठ वर्षं” याच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली, मी डोळ्यांनी पाहिली. मुलाखतीचं बोलावणं आजच टाकलं, माझ्या पत्राबरोबरच पोचेल. सोमवारी ९ तारखेला दुपारी. शनिवारची आगबोट सोडू नको. मी रविवारी धक्क्यावर येते. दाऊद येत नसेल तर एकटी येते.

तुझ्यासाठी उशीचा अभ्रा शिवला. कोपऱ्यात “तु” काढलाय.

ये गं.

जुलेखा

---

वेशीभायर, आंब्याखाली
६ डिसेंबर १९५७

जुल्या,

ह्यां पत्र झोपडीत बसान लिवतंय. धाडूक मेळाचां नाय, कारण पोस्टाक कुलूप आसा आणि बाबली पोस्टमन शेजारच्या झोपडीत घोरता. पण आज सांगलंय नाय तर माझां पोट फुटात.

काल दुपारी रामेश्वराचो नगारो वाजलो आणि गाव निघालो. भावोजींच्या डोक्यार गाठोडां, जावेकडे पोरगे, माझ्याकडे कोंबड्यांची टोपली. दारां ओढून घेतली, चुली इजवल्या. तोच आंबो गो, तोच! खाली एक घोंगडां घातलंय. एका बाजूक जागा ऱ्हवली.

सांजच्या वेळी धोंडू मोठो टोप उचलूक गेलो आणि तेच्या कमरेत उसण भरली. थंयच बसलो, “आवशी गे” करीत. बारा घरांची माणसां भुकेली, आणि पुरुष एकामेकांच्या तोंडाकडे बघतत. मी उठलंय. माका कोणी उठवल्यान म्हायती नाय. तुझ्या अर्जातली ती बाई उठली असतली.

जाव म्हणाली, “गो तुळसा, तुका येता काय साठांचां?”

मी म्हटलंय, “आठ वर्सांचो अनुभव आसा.”

सगळे हसले. धोंडू कमर धरून हसलो आणि आणखी वरडलो.

आणि भात करपलो. खालसून काळो, वयसून कच्चो. वासान कुत्रे पण लांब गेले. मी पदर तोंडार घेवन उभी, इतक्यात तुमच्या लोकांच्या झोपड्येकडसून नसीमाचाचीची हाक इली, “गो ढवळू नको! ओल्या गोणपाटार ठेव टोप, कांदो फोडून वर ठेव, झाकण घाल!” तिणा तुमच्या लग्नांतले देगी, बिर्याणीचे मोठे टोप, बघलेले. तसां केलंय. लोकांनी वयलो भात खाल्ल्यानी. बाबली म्हणालो, “वयनी, धुराची फोडणी बरी पडली.”

८ डिसेंबर

आज भात मोत्यासारखो झालो गो. सार, भात, वालीची भाजी. धोंडू खाटल्यार पडान सांगता, मी करतंय; दुपारपासून तेना सांगणांच सोडल्यान. पानां मोजली तर साठ नाय, त्रेसष्ट. म्हंजे मी अर्जात उणांच लिवलंय! बाबलीन तीनदा भात मागान घेतल्यान. भावोजी जेवन उठले आणि म्हणाले, “बरां झालां.” सात वर्सांत पयल्यांदा.

आज घरी जावचां हुतां. पण देवान कौल देवक नाय. उद्या परत लावतले.

१० डिसेंबर

काल कौल मेळलो, सांजच्याक घरी इलंव. आज सकाळी बाबलीन पोस्ट उघडल्यान आणि दोन पाकिटां माझ्या हातात ठेवल्यान. तुझां आणि सुशीलाबाईंचां. गुरवारीच इलेली.

सोमवार कालच झालो गो.

जेच्या पोस्टात माझां बोलावणां कुलपात हुतां, तेका मी तीनदा भात वाढलंय.

तू धक्क्यार किती वेळ उभी ऱ्हवलंस?

तुळसा

---

डोंगरी, मुंबई
१७ डिसेंबर १९५७

प्रिय तुळसा,

बोट रिकामी होईपर्यंत उभी होते. मग खलाशाने विचारलं, बाई, कुणाची वाट बघताय? तेव्हा निघाले.

तुझं पत्र आल्या दिवशीच सुशीलाबाईंकडे गेले. जागा भरली होती. तरी म्हटलं, निदान खरं कारण तरी कळू दे त्यांना. सांगायला लागले.

“आख्खं गाव?” त्या म्हणाल्या. “म्हणजे साथ आली होती का? की दरोडा?”

“नाही बाई. देवाचा कौल झाला.”

“आणि कोंबड्यासुद्धा नेल्या?”

“कोंबड्या, मांजरं, सगळी.”

“तुम्हा मुसलमानांची घरंसुद्धा?”

“गाव निघालं की आम्ही गावातच आलो ना, बाई.”

त्यांनी चष्मा काढला आणि हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, “जुलेखाबाई, न येण्याचं कारण तरी जरा पटेल असं शोधायचं. एवढं फुगवून सांगू नये.”

तुळसा, तुझं साठ माणसांचं खोटं त्यांनी लाल रेघ मारून वर ठेवलं. आणि आमच्या गावाचं खरं त्यांना खोटं वाटलं.

आता आणखी एक सांगूचां आसा. ह्या मराठीत माका जमणा नाय.

थंय खिडकी नाय गो. वयली खोली पण नाय. आचारणीक रवाक देतत ती रांधपाकडची कोठारखोली, तांदळाच्या पोत्यांत. दर्या खंयसूनच दिसणा नाय. माका म्हायती हुतां. तरी लिवलंय. अर्ज फुगवलंय तो तुझ्यासाठी, पण नोकरी फुगवलंय ती माझ्यासाठी. तुका दर्याची सवय, कोठीत रवाक येवचंस नाय असां वाटलां. आणि तू येवक हवी हुतंस. दुपारी मशीन थांबवल्यार काय आयकाक येणा नाय. माणसां असतत, पण हाक मारूक कोण नाय. माका कोण “जुल्या” म्हणणा नाय हंय. दाऊद पण “गो” म्हणता नुसतां.

बरां झालां तू येवक नाय. येतंस आणि कोठी बघतंस, तर काय म्हटलां असतंस?

जुलेखा

---

आचरें
२६ डिसेंबर १९५७

जुल्ये,

काय म्हटलां असतां? “तांदूळ बरे आसत” म्हटलां असतां.

आयक. आदीच्या पत्रात मी म्हटलंय ना, एक गोष्ट मगे इचारीन? तीच ही. तू लिवलंस, कंदील मोठो केलो, आणि दुपारची नमाज व्हायची आसा. भर दुपारी कंदील! तेवाच म्हटलंय, जेच्या घरात दिसाचो दिवो लागता, ती दुसऱ्याक खिडकी खंयसून देतली? तुझ्याच खोलीक खिडकी नाय. आठ वर्सां तू माका लिवतंस, “सगळं छान आहे.” तुझो तो अर्ज मी पयल्यापासून वळाखलंय. फक्त लाल रेघ मारूक नाय.

आणि मी तरी काय? “सर्व क्षेम” लिवन लिवन माझां पेन झिजलां.

आता काम सांगतंय. ह्याबरोबर सुशीलाबाईंका एक पत्र आसा. नेवन दी. सुधारू नको! एक अक्षर सुधारलंस तर तुझो माड तोडतंय.

तुळसा

(सोबतचे पत्र)

ती. सुशीलाबाई यांस सा. न. वि. वि.

मी मुलाखतीला आले नाही याचे कारण जुलेखाने सांगितले ते खरे आहे. कोंबड्यांचेही खरे आहे. आमच्या दोन कोंबड्या मी स्वतः टोपलीतून नेल्या. एक परत येताना पळाली, ती अजून मिळाली नाही. पुरावा मागाल तर नाही. आमचा देव कौल देतो, सही देत नाही.

माझ्या अर्जात मात्र साठ माणसे लिहिली ते लिहिले तेव्हा खोटे होते. आता खरे झाले आहे, पण चार दिवसांपुरतेच. पहिल्या संध्याकाळी भात करपला. लोकांनी भुकेपोटी खाल्ला. आठ वर्षे लिहिली ती अजून खोटीच आहेत. “स्वभावाने शांत” हे पुढेही खरे होईल असे वाटत नाही. नोकरी यापूर्वी केलेली नाही. घरात पंधरा वर्षे रांधले, त्याला नोकरी म्हणत नाहीत.

जागा भरली असे कळले. तरी लिहिले, कारण तुम्ही आमच्या गावाला हसलात. मला हसलात तर चालेल.

आपली नम्र,
तुळसा

---

डोंगरी, मुंबई
६ जानेवारी १९५८

तुळशे,

नेवन दिलंय. सुधारूक नाय. वाटेत दोनदा उघडलंय, पण सुधारूक नाय.

सुशीलाबाईंनी उभ्यान वाचल्यानी. मगे बसान वाचल्यानी. म्हणाल्या, “पहिला अर्ज कुणी लिहिला होता?”

मी म्हटलंय, “मी, बाई.”

“वाटलंच. तो छापील होता. हा बोलतो.” आणि मगे वळून इचारल्यानी, “ती कोंबडी मिळाली का?”

मी म्हटलंय, म्हायती नाय. मेळली काय गो? तेंका कळवूचां आसा.

आता खरां तां लिवतंय, जसां आसा तसां. मोठ्या आचारणीची जागा गेली ती गेलीच. शंभर माणसांवाली बाई ठेवल्यानी. तिका शंभरांचां येता, पण ती रोज वरडता आणि तिच्या हाताखाली कोण टिकणा नाय. हाताखालची म्हणान तुका एक म्हयनो बघतले. बरी वाटलंस तर ठेवतले, नाय तर परत. रवाक तीच कोठी. पाट्यार वाटप तुझां, भांडी पण अर्धी तुझी. सकाळी काळोखात उठाचां लागतलां. खिडकी नाय, नाय, नाय. तीनदा लिवलंय.

माझ्या खोलीतसून थंय चलत जावक येता. ह्या एकच चांगलां आसा, आणि ह्या पण फुगवूक नाय.

येवचां काय नाय तां तू ठरव. मी “ये” म्हणणंय नाय. एकदा म्हटलंय तां पुरे झालां.

अभ्रो पेटीत ठेवलंय.

जुल्या

---

आचरें
१८ जानेवारी १९५८

जुल्या,

कोंबडी मेळली. आंब्याखालीच बसलेली, ज्या जाग्यार माझी चूल हुती थंय. तिका वाटलां गाव थंयच आसा. सुशीलाबाईंका सांग.

संक्रांत झाली आणि मी घरात सांगितलंय. भावोजी तापले. “विधवा बाईन मुंबैक जावन लोकांची भांडी घासूची? हंय काय कमी आसा तुका?”

मी म्हटलंय, “कमी काय नाय भावोजी. मीच वायच जास्त आसंय.”

जाव रडाक लागली. माका बरां वाटलां, माझ्यासाठी कोणतरी रडता म्हणान. मगे म्हणाली, “आता भाकरी कोण भाजतलो गो?” पण खरां सांगतंय, रात्री तिणाच माझ्या लुगड्याचो काठ शिवन दिल्यान. पयल्यांदा. टाके वाकडे आसत. तुका दाखवीन, हसू नको.

काल नसीमाचाचीकडे गेलंय. तिका म्हटलंय, मी जातंय. तिणा सुपातले तांदूळ बाजूक ठेवल्यान. मगे म्हणाली, “आता माका ‘ओ’ कोण देतलो?” जुल्या, तेवा माझो पाय अडाकलो गो. पावसाच्या आदी दोघी येवया, एका बोटीन. तसां तिका सांगलंय. ह्या पुढचां खरां आसा, वायच लवकर सांगलेलां. ह्या खरां करूचांच लागतलां तुका.

तुझ्या माडाचो एक नारळ आणतंय. मोठो नाय. मोठे भावोजींनी बाजारात दिल्यानी.

आणि खिडकीचां परत काढू नको. दर्या माका कित्याक होयो? दर्या हंय आसा. रोज सकाळी दार उघडलां काय समोर असता, आठ वर्सां तोच बघतंय. बघून बघून कळलां, तेच्यार सगळां दिसता. बोटी दिसतत, पडाव दिसतत. एक तू दिसणंस नाय.

पुढच्या शनिवारच्या आगबोटीन निघतंय. धक्क्यार ये. दाऊद येत नसलो तर एकटी ये.

गर्दीत माका कशी वळाखतलंस? आठ वर्सां झाली, चेहरो बदाललो असतलो. म्हणान वर्णन लिवन देतंय, तां हातात धरून उभी ऱ्हव: बाई उंच, गोरी, पंचविशीतली, स्वभावान शांत.

बोट रिकामी होवंदे. तशी बाई खंयच दिसली नाय, तर मगे शेवटाक जी ऱ्हवात ना, नारळ घेवन, ती मी.

तुळसा